इंधनफवाऱ्याची जुळणी : शक्ती किती, कशातून आणि कोणत्या मोलाने

जालना मार्गावरील मुकुंदवाडी हे एके काळचे शेतीचे गाव आज छत्रपती संभाजीनगर शहरात सामावून गेले आहे. एका बाजूस सिडकोची वसाहत, दुसऱ्या बाजूस चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि जवळून जाणारा लोहमार्ग, अशा ठिकाणी ते वसलेले आहे. बदनापूर व करमाड या बाजूंनी शहरात येणारे ट्रॅक्टर, टेम्पो व मालमोटारी याच रस्त्याने येतात. डिझेल इंजिन ही या पट्ट्याला परकी वस्तू नव्हे. तीनचाकी वाहनांची लहान डिझेल इंजिने येथील कारखान्यांतून निघाली आणि जवळच शेंद्रा येथे २०१५ मध्ये पर्किन्सचा मोठ्या इंजिनांचा कारखाना सुरू झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र इंजिनाचे खरे महत्त्व कारखान्यात नसून बांधावर आहे. पेरणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर उभा राहिला, तर वाफसा थांबून राहत नाही.

अलीकडे इंजिनदुरुस्तीच्या धंद्यात ‘ट्यूनिंग’, ‘रिमॅप’ आणि ‘चिप बसविणे’ हे शब्द रुळू लागले आहेत. एका लहानशा डबीने किंवा संगणकावरील अर्ध्या तासाच्या कामाने ट्रॅक्टरची ताकद वाढते, डिझेल वाचते आणि इंजिनाला काही होत नाही, असे तीन लाभ एकदम सांगितले जातात. ट्रॅक्टर हे बहुधा कर्ज काढून घेतलेले, घरातील सर्वांत महागडे अवजार असते. म्हणून या तिन्ही दाव्यांची शांतपणे पारख करणे आवश्यक आहे.

फवाऱ्याचे कार्य

पेट्रोल इंजिनात ठिणगीने भडका उडतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा पिस्टन सुमारे सोळा ते अठरापट दाबतो, त्यामुळे ती अतिशय तापते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडताच तो आपोआप पेटतो. म्हणजे इंजिनाची सारी करामत तीन गोष्टींत आहे : फवारा किती सोडावा, केव्हा सोडावा आणि तो किती बारीक असावा.

फवारा जाडसर पडला तर थेंब पुरते जळत नाहीत आणि काळा धूर निघतो. वेळेच्या फार आधी पडला तर इंजिन ठोके देते. उशिरा पडला तर शक्ती घटते आणि उष्णता धुराड्यावाटे वाया जाते. दर मिनिटास २२०० फेरे घेणाऱ्या चारधावी इंजिनात प्रत्येक नोझल सेकंदास अठराहून अधिक वेळा उघडते व मिटते. त्या गतीला भुजादंडाचा एक अंश फिरण्यास सेकंदाच्या तेरा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. एक-दोन अंशांच्या फरकाने इंजिनाची प्रकृती बदलते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामात किती काटेकोरपणा हवा याची कल्पना येईल.

यांत्रिक पंपाकडून विजेच्या नियंत्रणाकडे

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. प्रारंभी डिझेलचा फवारा दाबयुक्त हवेच्या झोताने उडवावा लागे. त्यासाठी वेगळा अवजड हवापंप लागत असल्यामुळे हे इंजिन जागेवरून हलविणे कठीण होते. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून इंधन-पंपांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सुरू झाले आणि डिझेल इंजिन मालमोटारीत व पुढे ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसले.

महाराष्ट्राचा या इतिहासात मोठा वाटा आहे. भारतीय बनावटीच्या आरंभीच्या डिझेल इंजिनांपैकी एक १९३३ च्या सुमारास साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्यात तयार झाले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे विहिरीवरची मोट मागे पडून तेथे पाच अश्वशक्तीचे इंजिन धडधडू लागले. नोझल व इंजेक्टर यांसाठी नाशिकचा मायको कारखाना, म्हणजेच आजचा बॉश, सर्वांच्या परिचयाचा आहे.

विहिरीवरच्या त्या इंजिनातील रचना सरळ होती. कॅमने प्लंजर उचलला जाई, सुमारे २०० किलोच्या दाबाला नोझलची सुई उघडे आणि फवारा पडे. फेरे वाढले की गव्हर्नर डिझेल कमी करी. हे सारे हाताने जुळविता येत असे. पंपाखालची पातळ पत्री काढली किंवा घातली की वेळ बदले. नोझलच्या स्प्रिंगचा ताण बदलला की दाब बदले. गावचा फिटर कानाने आणि धुराच्या रंगाने हे काम उरकीत असे.

नव्या ‘कॉमन रेल’ पद्धतीत एक उच्चदाब पंप सर्व सिलिंडरांसाठी एका समाईक नळीत डिझेल भरून ठेवतो. या नळीतील दाब हजार ते दोन हजार बारपर्यंत, म्हणजे जुन्या नोझलच्या पाच ते दहापट असतो. नोझल केव्हा व किती वेळ उघडावयाचे हे कॅम ठरवीत नाही. ‘ईसीयू’ नावाचा विद्युत नियंत्रक ठरवितो. भुजादंडाची स्थिती, नळीतील दाब, पाण्याचे व हवेचे तापमान आणि चालकाने दाबलेला पाय या सर्वांची खबर त्याला सेन्सरांकडून मिळते. त्याच्या स्मरणात कारखान्याने भरलेले कोष्टक असते. त्यात पाहून तो इंजेक्टरला वीज देतो. प्रथम अल्पसा व नंतर मुख्य, असा दोन टप्प्यांत फवारा सोडणेही त्याला जमते. त्यामुळे इंजिनाचा ठोका सौम्य होतो.

मोटारगाड्यांत ही पद्धत १९९७ मध्ये युरोपात आली. भारतात १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरील नव्या वाहनांस भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे अधिक कडक निकष लागू झाले. त्यामुळे विद्युत नियंत्रण शेताच्या बांधापर्यंत पोहोचले आहे. शेतांवर चालणाऱ्या बहुसंख्य जुन्या ट्रॅक्टरांत मात्र यांत्रिक पंपच आहे. प्रथम आपल्या इंजिनात कोणती पद्धत आहे, हे शेतकऱ्याने जाणून घेतले पाहिजे.

‘चिप’ नेमके काय करते

ट्यूनिंगचे मुख्य दोन प्रकार आढळतात. पहिल्यात नियंत्रकाच्या स्मरणातील मूळ कोष्टक काढून त्या जागी वाढीव आकड्यांचे दुसरे कोष्टक भरतात. यालाच रिमॅप म्हणतात. दुसऱ्यात नळीच्या दाबाचा सेन्सर व नियंत्रक यांच्यामध्ये एक डबी जोडतात. ही डबी नियंत्रकाला खोटी खबर देते. नळीत १२०० बार दाब असताना ती १०५० असल्याचे कळविते. बिचारा नियंत्रक दाब कमी पडला असे समजून पंपाला तो आणखी वाढविण्यास सांगतो. तेवढ्याच वेळात अधिक डिझेल आत जाते आणि इंजिन जोर दाखविते.

दोन्ही प्रकारांत मूळ क्रिया एकच आहे : सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जाते. डबी स्वतः शक्ती निर्माण करीत नाही. शक्ती वाढते हा दावा बहुधा खरा असतो. परंतु त्याच्या जोडीला डिझेल वाचते असे सांगितले जाते, तेथे हिशेब तपासून पाहावा.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे साडेतेरा अश्वशक्ती-तास इतकी उष्णता असते. चांगल्या स्थितीतील शेतीचे इंजिन तिच्यापैकी साधारण तीस टक्के कामाला लावते. बाकीची पाणी, तेल व धूर यांवाटे निघून जाते. म्हणजे एका लिटरमागे चार अश्वशक्ती-तास काम पदरी पडते. या हिशेबाने ४५ अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण भारावर तासाला सव्वाअकरा लिटर डिझेल लागेल. तेच इंजिन ५५ अश्वशक्ती देऊ लागले तर पावणेचौदा लिटर लागेल. ताकदही वाढावी आणि डिझेलही वाचावे, असे होण्यास ज्वलनाची कार्यक्षमता बरीच वाढली पाहिजे. आणि मुळात ठीक जुळविलेल्या इंजिनात तेवढा वाव क्वचितच उरलेला असतो.

हवेचा हिशेब

डिझेल वाढविणे सोपे आहे. हवा वाढविणे कठीण आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास साडेचौदा किलो हवा लागते. लिटरचे वजन सुमारे ८३० ग्रॅम धरले, तर लिटरमागे बारा किलो हवा झाली. प्रत्यक्षात धूर न होता काम व्हावयाचे तर याहून चौथाई ते तिसरा हिस्सा अधिक हवा द्यावी लागते.

येथे मराठवाड्याच्या हवामानाचा विचार प्राप्त होतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला म्हणजे येथील हवा समुद्रकाठच्या २७ अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी अधिक विरळ होते. नांगरटीचा हंगामही नेमका हाच. टर्बो असलेल्या इंजिनात ही उणीव काही अंशी भरून निघते. नसलेल्या इंजिनात भरून निघत नाही. अशा हवेत वाढीव डिझेल सोडले की ते अर्धवट जळते. काळा धूर हा ताकदीचा पुरावा आहे, अशी एक समजूत आढळते. वास्तविक तो न जळालेल्या पैशाचा धूर होय.

नुकसान धुरावर थांबत नाही. धुराड्यातील वायूंचे तापमान चढते व पिस्टनचा माथा, व्हॉल्व्ह आणि टर्बोची पाती तापतात. न जळालेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑईल पातळ करते आणि बेअरिंगे झिजतात. हेड गॅस्केट उडते. धुराची जाळी किंवा वायुशोधक बसविलेला असल्यास तो काजळीने चोंदतो. हे परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाहीत. एक-दोन हंगाम ओलांडल्यावर दिसतात. तोपर्यंत डबी बसविणाऱ्याचा व दुखण्याचा संबंध कोणाच्या लक्षात राहत नाही.

एकच इंजिन, दोन अश्वशक्ती

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. कंपन्या पुष्कळदा एकाच आकाराचे इंजिन कमी व अधिक अश्वशक्तीच्या दोन ट्रॅक्टरांत वापरतात. मग कमी ताकदीचा ट्रॅक्टर घेऊन त्याची ताकद वाढविली तर बिघडले कोठे?

इंजिनाचा सांगाडा एक असला तरी पिस्टन, टर्बो, रेडिएटर, क्लच, गिअरपेटी व मागचा आस एकच असतील असे नाही. शक्ती ४५ वरून ५५ झाली म्हणजे त्याच फेऱ्यांना पीळ बावीस टक्क्यांनी वाढला. हा वाढीव पीळ क्लचच्या पट्टीपासून आसाच्या दात्यांपर्यंत प्रत्येक भागाला सोसावा लागतो. शिवाय जड नांगर ओढताना शक्तीइतकेच महत्त्व वजनाला व टायरच्या पकडीला असते. पकड नसेल तर वाढलेली ताकद चाक जागीच फिरविण्यात आणि टायर घासण्यात खर्च होते. मोठे अवजार चालवावयाचे असेल तर मोठा ट्रॅक्टर भाड्याने घेणे अथवा लहान अवजार वापरणे हे अंती स्वस्त पडते.

मोटारशर्यतीच्या क्षेत्रात अशी जुळणी शास्त्रशुद्ध रीतीने केली जाते, हे खरे आहे. तेथे इंजिन शक्तिमापकावर चढवितात, धुराड्याचे तापमान व हवेचे प्रमाण मोजतात, आणि शर्यतीनंतर इंजिन उकलून पाहतात. ज्या इंजिनाला एक दिवस पळावयाचे आहे, त्याचा न्याय ज्याला दहा-पंधरा वर्षे नांगरट करावयाची आहे त्याला लावता येत नाही.

कायदा आणि हमी

ट्रॅक्टर हे कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये बेकायदा फेरबदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धुराच्या मर्यादेचा भंग हा वेगळा अपराध आहे. शिवाय नियंत्रकात केलेली ढवळाढवळ अधिकृत सेवाकेंद्राच्या तपासणीत उघड होऊ शकते व हमी नाकारली जाण्याचा धोका असतो. विमा कंपनीस न कळविलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण ठरतो. कर्जाचे हप्ते शिल्लक असताना ही जोखीम अंगावर घेणे शहाणपणाचे नाही.

खरी जुळणी कोणती

इंजिन मरगळले, धूर टाकू लागले, डिझेल अधिक पिऊ लागले, तर त्याला वाढीव डिझेल देण्याऐवजी त्याची मूळ शक्ती परत मिळवून द्यावी. त्यासाठी पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. हवेची गाळणी प्रथम पाहावी. ऑईलची गाळणी असल्यास भांड्यातील चिखल काढून नवे ऑईल खुणेपर्यंत भरावे. कोरडी गाळणी असल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे साफ करावी वा बदलावी; आपटून अगर पाण्याने धुऊन तिची वाट लावू नये.

२. डिझेलची गाळणी ठरलेल्या तासांना बदलावी व पाणी साठविणारी वाटी नियमित रिकामी करावी. कॉमन रेलच्या इंजेक्टरमध्ये भागांतील फट अवघी काही मायक्रॉन असते. डोळ्यांना न दिसणारा कण व पाण्याचा थेंब त्याला पुरतो.

३. डिझेलमध्ये रॉकेल मुळीच मिसळू नये. उच्चदाब पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. रॉकेलने ते तुटते व पंप खरवडला जातो.

४. यांत्रिक पंपाच्या इंजिनाचे नोझल टेस्टरवर तपासून घ्यावे. फवारा धुक्यासारखा व सारख्या कोनात पडला पाहिजे. टोकाशी थेंब लोंबता कामा नये. पंपाचे कॅलिब्रेशन बेंचवरच करून घ्यावे. पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून देणारा फिटर हा चिप विकणाऱ्याचाच जुना भाऊ होय.

५. व्हॉल्व्हची फट (टॅपेट), पंपाची वेळ व सिलिंडरचा दाब तपासावा. दाब उतरला असेल तर कोणत्याही जुळणीने तो भरून येत नाही. रिंगा व व्हॉल्व्ह यांचेच काम काढावे लागते.

६. विद्युत नियंत्रणाच्या इंजिनास स्कॅनर लावून दोषसंकेत वाचून घ्यावेत. इंजेक्टर बदलल्यास त्यावरील सांकेतिक अंक नियंत्रकात भरावे लागतात. ते न भरल्यास नवा इंजेक्टरही धूर टाकतो. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. नियंत्रकाच्या जोडणीवर पाण्याचा फवारा मारू नये आणि उंदरांपासून वायरिंग जपावे.

एका एकराचे प्रात्यक्षिक

ट्यूनिंगचा दावा असो वा दुरुस्तीचा, त्याची परीक्षा शेतातच व्हावी. विस्तार कार्यकर्त्यांस पुढील प्रात्यक्षिक कोणत्याही गावी करता येईल. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरावी. एकाच जमिनीचा मोजलेला एक एकर एकाच अवजाराने, एकाच खोलीवर व एकाच गिअरमध्ये करावा. पुन्हा त्याच जागी उभे राहून मोजपात्राने टाकी काठोकाठ भरावी. जितके डिझेल मावले तितका खप झाला. लागलेला वेळ व धुराचा रंगही टिपून ठेवावा.

नंतर हवेची गाळणी साफ करून, टायरमधील हवा योग्य करून व आवश्यक तेथे वजन लावून लगतच्या एकरावर तीच परीक्षा करावी. हलक्या कामास वरचा गिअर टाकून फेरे कमी ठेवल्यास काय फरक पडतो, हे तिसऱ्या एकरावर पाहावे. आपल्या ट्रॅक्टरच्या नमुन्याचा तपासणी अहवाल उपलब्ध असल्यास आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या अहवालांत पीटीओवरील शक्ती व ताशी इंधनखप दिलेला असतो. असा लेखी हिशेब हाती असला म्हणजे कोणाच्या बोलण्यावर विसंबून राहावे लागत नाही.

गळतीकडेही दुर्लक्ष नसावे. सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि मिलीलिटरला तीस थेंब धरले, तर अहोरात्रात पावणेतीन लिटरांहून अधिक डिझेल मातीत जाते.

जिवाची काळजी

जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर काम करीत नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू ठेवून नोझलच्या नळीचा नट सैल करण्याची रीत होती. कॉमन रेल इंजिनात ही रीत प्राणघातक ठरू शकते. हजार बारच्या वरच्या दाबाने निघालेली धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही. परंतु आतील मांस सडू लागते. अशी इजा झाल्यास मलमपट्टीवर न थांबता तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत गेल्याचे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. गळती शोधण्यासाठी बोट फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. इंजिन बंद केल्यावरही पुस्तिकेत सांगितलेला वेळ जाऊ दिल्याविना नळ्या सोडू नयेत. फिटरकी शिकणाऱ्या तरुणांना ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

विद्युत नियंत्रण हे शेतकऱ्याचे शत्रू नाही. त्याच्यामुळे धूर घटला, इंजिन सुरळीत झाले आणि दोष शोधणे सोपे झाले. मात्र त्याने फिटरच्या हातून पाना काढून घेतला नसून त्या पान्याच्या जोडीला स्कॅनर दिला आहे, आणि तो चालविण्याचे ज्ञान गावापर्यंत पोहोचणे अद्याप बाकी आहे. ज्या गावात एक जाणता फिटर आहे, त्या गावाला शहराकडे ट्रॅक्टर ओढत न्यावा लागत नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एक दिवस ठरवून नोझल-तपासणी, गाळण्यांची सफाई व एक एकराचे प्रात्यक्षिक घडवून आणावे आणि गावातील एक-दोन होतकरू तरुणांस औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील डिझेल मेकॅनिकच्या शिक्षणाची वाट दाखवावी.

शेतकरी बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे : इंजिनाची ताकद हवा, डिझेल आणि वेळ यांच्या मेळातून येते. तो मेळ बिघडला असेल तर दुरुस्त करून घ्यावा, आणि ठीक असेल तर कोणाच्याही सांगण्यावरून बिघडवू नये.